हाताची विद्या आणि विजेची गाडी

कोणत्याहि देशांत नवें यंत्र येतें तेव्हां त्याबरोबर दोन प्रश्न येतात. तें चालवावें कसें, हा पहिला. आणि तें बिघडल्यास दुरुस्त करावें कोणीं, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर यंत्र विकणारा देतो. दुसऱ्याचें उत्तर मात्र समाजास स्वतः द्यावें लागतें, आणि तें देण्यास बहुधा उशीर होतो. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बाबतींत आपल्याकडे हल्लीं असेंच होत आहे. २०२४-२५ या एका आर्थिक वर्षांत भारतांत सुमारें २० लाख विजेचीं वाहनें नोंदलीं गेलीं. गाड्या घरोघर आल्या. त्या समजणारे हात मात्र अद्याप घरोघर काय, गांवोगांवहि आलेले नाहींत. ते हात कोणाचे असावे, याविषयीं आमच्या वाचकांशीं चार शब्द बोलावे अशी इच्छा आहे.

गेल्या वर्षीं उन्हाळ्यांत कांहीं कामानिमित्त आम्ही वर्ध्यास एका स्नेह्यांच्या घरीं उतरलों होतों. वैशाखांतील वर्धा म्हणजे काय, हें वैदर्भीय वाचकांस सांगावयास नको. पारा पंचेचाळिसाच्या घरांत गेलेला असतो, आणि दुपारीं बारानंतर रस्त्यावर चिटपाखरूं दिसत नाहीं. स्नेह्यांनीं वर्षापूर्वीं विजेची स्कूटर घेतली होती. एके सकाळीं ती चार्ज होईना. कोपऱ्यावरच्या गॅरेजांतील मिस्त्रींस बोलावणें गेलें. हे गृहस्थ पंचवीस वर्षें त्या आळींतील सर्व दुचाक्यांचे वैद्य. त्यांनीं गाडीभोवतीं दोन फेऱ्या घातल्या, आसन उचलून आंत पाहिलें, आणि हात पुसत ते म्हणाले, "काकाजी, पेट्रोलची गाडी मी आवाजावरून ओळखतो. ही तर बोलतच नाहीं. हिला हात लावायला मला भीति वाटते."

दोन दिवसांनीं नागपुराहून एक तरुण कारागीर आला. त्यानें पिशवींतून मल्टिमीटर काढला, पांचसात ठिकाणीं विजेचा दाब मोजून पाहिला, आणि चार्जिंगच्या जोडांतील एक पिन काळवंडून सैल झाली होती ती बदलली. सारें काम चाळीस मिनिटांचें. मिस्त्री शेजारीं उभे राहून टक लावून पाहत होते. आणि त्यांच्याहूनहि अधिक लक्ष देऊन पाहत होती ती आमच्या स्नेह्यांची धाकटी कन्या. ती नुकतीच दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत होती. कारागीर गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, मला हें शिकायचें आहे. आयटीआयमध्यें याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे." घरांत क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग तिची आजी म्हणाली, "अगं, आपल्या घरांत आजवर कोणी पाना हातांत धरला आहे का?"

आजींच्या या प्रश्नांत राग नव्हता. खरेंखुरें आश्चर्य होतें. परंतु आम्हांस वाटतें कीं, त्या एका वाक्यांत आमच्या समाजाचा शंभर वर्षांचा इतिहास आला, आणि मिस्त्रींच्या वाक्यांत त्याची दुसरी बाजू आली.

नव्या गाडीचें अंतरंग

प्रथम ही गाडी आहे तरी काय तें पाहूं. पेट्रोलच्या इंजिनांत पिस्टन, झडपा, क्लच, गिअर असे शेंकडों भाग एकमेकांवर घासत, आदळत, तापत असतात. त्यांच्या झिजेचा आवाज येतो, वास येतो, धूर दिसतो. म्हणून अनुभवी कारागिराचे कान आणि नाक हींच त्याचीं मुख्य हत्यारें ठरतात. विजेच्या स्कूटरमध्यें मुख्य अवयव चारच: बॅटरी, मोटार, त्या दोहोंमधला कंट्रोलर आणि चार्जर. बॅटरी म्हणजे लिथियमच्या लहान लहान घटांचा समूह. एकेका घटाचा दाब साडेतीन व्होल्टच्या आसपास असतो. असे घट ओळीनें जोडून ४८, ६० किंवा ७२ व्होल्टची बॅटरी बनते. कोणता घट अधिक भरला, कोणता अधिक तापला, याकडे लक्ष ठेवणारें एक इलेक्ट्रॉनिक मंडल आंत बसविलेलें असतें. तें पहारेकऱ्याप्रमाणें काम करतें, आणि धोका दिसतांच सारी गाडी बंद करतें. गाडी अचानक कां थांबली हें बाहेरून दिसत नाहीं. तें मोजूनच शोधावें लागतें.

यांत धोका आहे, आणि तो लपविण्यांत अर्थ नाहीं. साधारणतः ६० व्होल्टच्या पुढचा एकदिश प्रवाह शरीरास धोक्याचा मानतात. मोटारगाड्यांच्या बॅटऱ्यांत तर ३०० ते ४०० व्होल्टचा दाब सर्रास असतो. तेथें काम करणाऱ्यानें आधीं मुख्य जोड तोडला पाहिजे, ठराविक वेळ थांबलें पाहिजे, विद्युत्‌रोधक हातमोजे घातले पाहिजेत, आणि दाब शून्य झाल्याची स्वतः मोजून खात्री केली पाहिजे. २०२२ सालीं देशांत अनेक ठिकाणीं विजेच्या दुचाकींस आगी लागल्या. त्यानंतर एआयएस-१५६ या मानकांत बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम कडक करण्यांत आले, आणि ते डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत अंमलांत आणले गेले. परंतु नियमानें बॅटरी सुरक्षित बनते ती कारखान्यांत. वर्ध्याच्या उन्हांत तापलेली गाडी लगेच चार्जरला लावूं नये, ती आधीं सावलींत निवूं द्यावी, फुगलेली बॅटरी घरांत ठेवूं नये, हें सांगणारा माणूस गांवांतच असावा लागतो.

तात्पर्य, हा धंदा केवळ हाताचा नाहीं आणि केवळ पुस्तकाचाहि नाहीं. ओहमचा नियम समजल्यावांचून मल्टिमीटरचा आंकडा निरुपयोगी. आणि जोड किती आवळावा हें हातास कळल्यावांचून ओहमचा नियम निरुपयोगी.

वर्ध्याची जुनी शिकवण

वाचकहो, हाच विचार वर्ध्यानें देशास एकदां सांगितला होता. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ या दिवशीं वर्ध्यास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण-परिषद भरली. सात वर्षें मोफत व सक्तीचें शिक्षण, तें मातृभाषेंतून, आणि एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाच्या भोंवतीं गुंफलेलें, असा तिचा मुख्य आग्रह होता. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें त्याचा अभ्यासक्रम आंखला, आणि जवळच्या सेवाग्रामांत 'नयी तालीम'चा प्रयोग सुरू झाला. चाती फिरवितां फिरवितां मुलानें गणित शिकावें, कापसाबरोबर भूगोल शिकावा, ही त्यामागची कल्पना. त्याच वर्ध्यांत मगनवाडीस ग्रामोद्योग संघाचें ठाणें होतें, तेथें जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखालीं घाण्यापासून कागदापर्यंत गांवच्या उद्योगांचीं हत्यारें सुधारण्याचें काम चाले, आणि १९३८ सालीं तेथें मगन संग्रहालय उघडलें गेलें.

मग हा प्रयोग देशभर रुजला कां नाहीं? कारणें अनेक आहेत. त्यांतील एक कटु असलें तरी सांगितलें पाहिजे. जे पुढारी आणि शिक्षक या पद्धतीची स्तुति करीत, त्यांच्यापैकीं बहुतेकांचीं स्वतःचीं मुलें इंग्रजी शाळेंत जात होतीं. गांवकऱ्यांनीं हें पाहिलें. जें शिक्षण मोठ्यांच्या मुलांस नको तें आपल्याच मुलांच्या माथीं कां, असें त्यांस वाटूं लागलें, आणि सूतकताई ही गरिबांची शाळा ठरली. सेवाग्रामांत २००५ पासून 'आनंद निकेतन' ही शाळा त्या तत्त्वांवर पुन्हां चालूं झाली आहे, ही समाधानाची गोष्ट. परंतु मूळ धडा विसरतां कामा नये: हाताचें शिक्षण फक्त दुसऱ्यांच्या मुलांसाठीं ठेवलें तर तें कोणाच्याच मुलांस लाभत नाहीं.

वर्ध्याचा दुसरा धागाहि येथें जोडावासा वाटतो. जमनालाल बजाज हे वर्ध्याचे. त्यांनीं जुलै १९२८ मध्यें आपल्या घराण्याचें लक्ष्मीनारायणाचें मंदिर दलितांस खुलें केलें. ज्या काळीं असें करणें म्हणजे जातभाईंचा बहिष्कार ओढवून घेणें, त्या काळीं केलें. त्यांच्याच घराण्यानें पुढें ज्या स्कूटरी बनविल्या, त्यांतील १९७२ची 'चेतक' आमच्यापैकीं किती तरी जणांच्या घरची पहिली गाडी होती. २००९ सालीं त्या कंपनीनें स्कूटरी बनविणें थांबविलें, आणि जानेवारी २०२० मध्यें तेंच नांव घेऊन विजेची 'चेतक' बाजारांत आली. जमनालालजींच्या प्रेरणेनें १९१४ सालीं उभ्या राहिलेल्या शिक्षा मंडळानें २०१७ पासून वर्ध्यांत अभियांत्रिकीचें महाविद्यालयहि चालविलें आहे. म्हणजे मंदिराचें दार, हाताचें शिक्षण आणि गाडीचें चाक हीं तिन्ही या एका गांवांत भेटतात. आतां कारखान्याचें आणि कार्यशाळेचें दार कोणासाठीं उघडें ठेवावयाचें, हा त्याच प्रश्नाचा पुढचा भाग आहे.

पुस्तक आणि पाना

आपल्या समाजांत एक विचित्र वांटणी झाली होती. ज्यांच्या हातीं पिढ्यान्‌पिढ्या कौशल्य होतें त्यांच्या हातीं पुस्तक येऊं दिलें गेलें नाहीं. आणि ज्यांच्या हातीं पुस्तक होतें त्यांनीं हत्यारास हात लावणें कमीपणाचें मानलें. लोहार, सुतार, चांभार यांचें ज्ञान कागदावर आलें नाहीं, आणि शास्त्र्यांचें ज्ञान लोखंडापर्यंत पोहोंचलें नाहीं. यांत दोघांचें नुकसान झालें. परंतु तें समान झालें असें म्हणतां येत नाहीं. एकाचें नुकसान ज्ञानाचें झालें, दुसऱ्याचें पोटाचें आणि मानाचेंहि.

ही भिंत ओलांडणारे आमच्यांत झालेच नाहींत असें नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली तंत्रसंस्थेंत शिकवीत होते. १८८८ सालीं बेळगांवीं त्यांनीं सायकलचें दुकान काढलें, पुढें लोखंडी नांगर ओतले, आणि १९१० सालीं औंध संस्थानांत कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना वसविला. तेथें त्यांनीं शिकलेले इंजिनियर आणून बसविले नाहींत. गांवचींच माणसें हाताशीं धरून त्यांना यंत्र शिकविलें, आणि शिक्षा भोगून आलेल्या कैद्यांसहि काम दिलें. आजच्या भाषेंत ज्याला सर्वसमावेशक मनुष्यबळ म्हणतात तें किर्लोस्करवाडीच्या माळावर शंभर वर्षांपूर्वीं उभें राहिलें होतें.

विजेच्या गाडीचा धंदा या दृष्टीनें एक दुर्मिळ संधि आहे. तो इतका नवा आहे कीं, अद्याप कोणाच्या जातीचा झालेला नाहीं. ब्राह्मणाच्या मुलास त्यांत लाज वाटण्याचें कारण नाहीं, आणि दलिताच्या किंवा आदिवासीच्या मुलास कोणी 'हें तुझें काम नव्हे' असें सांगण्याचा हक्क सांगूं शकत नाहीं. पाय अधू असलेल्या परंतु हात आणि डोळे तल्लख असलेल्या माणसास बसून मंडलें जोडण्याचें, बॅटरी तपासण्याचें काम उत्तम करतां येतें. फक्त बैठकीची उंची, शौचालय आणि उताराचा रस्ता यांचा विचार कारखाना बांधतांनाच व्हावयास हवा. मागाहून केलेली सोय ही नेहमीं अर्धीच होते.

मुलींचा प्रश्न

१९७४ सालीं पुण्याच्या टेल्को कारखान्याची जाहिरात निघाली, आणि तींत स्त्री-उमेदवारांनीं अर्ज करूं नये असें छापलें होतें. बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत शिकणाऱ्या एका मुलीनें जे. आर. डी. टाटांना कार्ड लिहून त्याचा जाब विचारला. ती मुलगी म्हणजे सुधा कुलकर्णी, पुढच्या सुधा मूर्ति. तिला मुलाखतीस बोलावलें गेलें, आणि टेल्कोच्या कारखान्यांत ती पहिली स्त्री-अभियंता झाली. त्याच उद्योगाच्या पुण्यांतील कारखान्यांत २०२२ पासून सुमारें १५०० स्त्रियांची एक संपूर्ण शाखा मोटारींची जुळणी करीत आहे. तमिळनाडूंत कृष्णगिरीजवळच्या विजेच्या स्कूटरींच्या एका कारखान्यानें २०२१ सालीं सर्व काम स्त्रियांच्या हातीं देण्याची घोषणा केली. विजेच्या गाडींत जड इंजिन उचलणें नाहीं, तेलकट धूर नाहीं. बारीक, सावध आणि नेमकें काम अधिक आहे. 'बायकांस झेपणार नाहीं' हें जुनें उत्तर येथें लागू पडत नाहीं.

मग अडतें कोठें? आम्हीं वर्ध्यांत चारचौघांशीं बोलून पाहिलें. आयटीआयमध्यें मुलींसाठीं ३० टक्के जागा राखीव असतात. 'मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल' हा अभ्यासक्रम दहावीनंतर घेतां येतो. परंतु आष्टी, कारंजा, समुद्रपूर या तालुक्यांतल्या मुलीस रोज येण्याजाण्याची एस.टी. वेळेवर नसेल, वसतिगृह नसेल, तर राखीव जागा कागदावरच राहते. वडिलांस भीति वाटते ती यंत्राची नव्हे, संध्याकाळच्या रस्त्याची. कारखान्यांत रात्रपाळी असते. १९४८ च्या कारखाना कायद्यानें स्त्रियांस रात्रीं कामावर ठेवण्यास मनाई केली होती. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेनें, स्त्रीची संमति आणि सुरक्षिततेची व्यवस्था असल्यास, तें दार उघडलें आहे. संमति खरी असावी, आणि घरापर्यंतचें वाहनहि खरें असावें, एवढें पाहणें आतां समाजाचें आणि सरकारचें काम आहे.

जुन्या मिस्त्रींचें काय?

मुलांमुलींच्या शिक्षणाची चर्चा करतांना आम्हांस वारंवार ते कोपऱ्यावरचे मिस्त्री आठवतात. त्यांचें वय पन्नाशीजवळचें. पेट्रोलच्या गाड्या कांहीं उद्यांच नाहींशा होणार नाहींत. परंतु दरवर्षीं त्यांच्या दारांतील गाड्या थोड्याथोड्या कमी होतील, आणि ज्या नव्या येतील त्या त्यांच्याशीं बोलणार नाहींत. ज्या माणसानें पंचवीस वर्षें आपल्या गाड्या चालत्या ठेवल्या त्यास आपण असा वाऱ्यावर सोडणार काय?

दोन वर्षांचा अभ्यासक्रम त्यांच्यासाठीं नव्हे. दोन वर्षें गॅरेज बंद ठेवलें तर घर चालणार नाहीं. त्यांस हवे आहेत संध्याकाळचे वर्ग, तीनचार आठवड्यांचे, मराठींतून शिकविलेले. ब्रेक, टायर, शॉक-अब्सॉर्बर, बेअरिंग हें सारें विजेच्या गाडींतहि असतें, आणि तें त्यांस उत्तम येतें. नवें शिकावयाचें तें दाब मोजणें, जोड तपासणें, आणि कोठें स्वतः हात न लावतां गाडी मोठ्या केंद्राकडे पाठवावी हें ओळखणें. शिवाय वर्ध्यासारख्या शहरांत फिरणाऱ्या ई-रिक्षांपैकीं अनेकींत अजून बारा व्होल्टच्या शिशाच्या चार बॅटऱ्या असतात. शिसें हें विष आहे, विशेषतः लहान मुलांस. २०२२ सालच्या बॅटरी-कचऱ्याच्या नियमांनीं जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे; परंतु ती गॅरेजमागच्या अंगणांत फोडूं नये, आणि तिचें आम्ल नाल्यांत ओतूं नये, हें मिस्त्रींस कोणी समजावून सांगितलें आहे काय?

सरकारी खात्यांपुढेंहि हाच प्रश्न आहे. १ जून १९४८ रोजीं एस.टी.ची पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर निघाली, आणि १ जून २०२२ रोजीं त्याच मार्गावर एस.टी.ची विजेची 'शिवाई' धांवली. डिझेलवर वाढलेल्या आगारांतील कारागिरांच्या हातीं हळूहळू या गाड्या येणार. ७०१ किलोमीटरचा समृद्धि महामार्ग वर्धा जिल्ह्यांतून जातो, आणि राज्याच्या २०२५ च्या विद्युत्‌-वाहन धोरणानें त्यावर विजेच्या मोटारींस पथकराची माफी देऊं केली आहे. अशी मोटार उद्यां सेलूजवळ बंद पडली तर तिच्यापाशीं धांवून जाणारा प्रशिक्षित हात सेलूचा असावा, कीं प्रत्येक वेळीं नागपुराची वाट पाहावयाची?

आपण काय करावें?

सरकार, कारखाने आणि संस्था यांचीं कर्तव्यें सांगणें सोपें असतें. आम्ही आमच्या वाचकांस त्यांच्या स्वतःच्या घरचें काम सांगूं इच्छितों. एक, मुलगा किंवा मुलगी हत्याराकडे ओढ घेत असेल तर तिला 'आधीं इंजिनियर हो, मग पाहूं' असें सांगून ती ओढ मारूं नका. दुसरें, गाडी नीट करणाऱ्या माणसास बसावयास खुर्ची द्या, त्याला आदरानें हांक मारा, त्याच्या ज्ञानाचा मोबदला घासाघीस न करतां द्या. मुलें तें पाहत असतात, आणि त्यावरूनच कोणतें काम मानाचें तें ठरवितात. तिसरें, आमच्या वाचकांत अनेक निवृत्त अभियंते आणि प्राध्यापक आहेत. त्यांनीं आठवड्यांतून दोन संध्याकाळीं गांवच्या मिस्त्रींस विजेचे प्राथमिक पाठ मराठींतून समजावून दिले, तर त्या मिस्त्रींकडून त्यांनाहि बरेंच शिकतां येईल. विद्या दिल्यानें कमी होत नाहीं असें आपण म्हणत आलों. तें आचरून दाखविण्याची ही वेळ आहे.

लेख पुरा करण्यापूर्वीं त्या घराची हकीकत सांगितली पाहिजे, नाहीं तर वाचक रागावतील. निकाल चांगला लागला. वडील कांहीं दिवस गप्प होते. मग ते स्वतः मुलीस घेऊन अर्ज भरून आले. तिला जिल्ह्याबाहेरच्या एका संस्थेंत जागा मिळाली. निघतांना आजींनीं एवढेंच सांगितलें, "यंत्रापाशीं केस मोकळे ठेवूं नकोस." पहिल्याच आठवड्यांत कार्यशाळेच्या गुरुजींनींहि हाच नियम सांगितला, असें तिनें घरीं कळविलें, तेव्हां आजींस मोठें समाधान वाटलें.

मुलगी सुटीस घरीं आली कीं कोपऱ्यावरचे मिस्त्री संध्याकाळीं येतात. ती त्यांस आपली वही दाखविते, कोठला दाब किती असावा तें सांगते. ते तिला बोल्ट किती आवळला म्हणजे पुरे, आणि किती आवळला म्हणजे आटे जातात, तें हातानें दाखवितात. आजी दोघांस चहा देतात. मागच्या खेपेस त्यांनीं मिस्त्रींस विचारलें, "आतां ही गाडी तुमच्याशीं बोलते का हो?" मिस्त्री म्हणाले, "थोडीथोडी. पोरगी मधें दुभाषी आहे ना!"